बिनविरोध

आई अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती आणि मी तिला निवडणुकीतून माघार घे असं सांगायला पुण्याहून आले होते. आल्या आल्या विषय काढायचा, चहासुद्धा नंतर घ्यायचा, असं एसटीत ठरवलं होतं. पण तिनं माझ्या हातातली पिशवी घेऊन ओट्यावर ठेवली, सूप माझ्याकडे सरकवलं आणि कोवळे दाणे वेगळे काढ म्हणाली. मी बसले. पौषातलं ऊन पाठीवर येत होतं. शेंगांचा उग्र, किंचित तेलकट वास बोटांना लागला आणि ठरवलेलं वाक्य मागे पडलं.

"कोणी बोलावलं तुला?" तिनं मान वर न करता विचारलं. "आण्णांनी का भाऊजींनी?"

"दोघांनी."

"वेगवेगळे फोन केले?"

"हो."

"म्हणजे त्यांचा एकमेकांवर भरवसा नाही," ती म्हणाली आणि स्वतःशीच हसली.

आमच्या कुसरवाडीत ग्रामपंचायतीसाठी कधी मतदान झालेलं नव्हतं. निवडणूक लागली की भैरवनाथाच्या देवळात बैठक बसायची. आण्णा, म्हणजे ज्ञानदेव आण्णा, नावं वाचून दाखवायचे आणि विचारायचे, कुणाची हरकत? मग पुन्हा, आणि मग तिसऱ्यांदा. कुणी बोलायचं नाही. नारळ फुटायचा, गुलाल उधळला जायचा, आणि तेवढेच अर्ज तालुक्याला भरले जायचे. गावाच्या कमानीवर मोठ्या अक्षरांत 'बिनविरोध गाव' असं रंगवलेलं होतं. आजूबाजूच्या गावांत निवडणुकीपायी डोकी फुटायची, सख्खे भाऊ एकमेकांच्या लग्नाला जायचे नाहीत. आमच्या गावात तसं काही नव्हतं, आणि त्याचं श्रेय आण्णांना होतं. ते कुणी नाकारत नव्हतं, आईसुद्धा नाही.

त्या वर्षीही बैठक झाली, नावं ठरली. आमच्या वॉर्डातल्या बायकांच्या जागेवर निवृत्तीकाकांची सून मंदा वहिनी ठरल्या. काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांचं आणि आमचं घर एकाच भिंतीचं, मधे एक दार, दिवसभर उघडं. गुलाल उधळून झाला. आणि अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी माझी आई, शालनबाई, वय वर्षं बासष्ट, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, एकटी एसटीत बसून तालुक्याला गेली आणि त्याच जागेसाठी अर्ज भरून आली. कुणाला सांगितलं नाही. मलाही नाही. छाननी झाली, अर्ज वैध ठरला. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत तो मागे घेता येणार होता.

"तुला सरपंच व्हायचंय का?" मी विचारलं.

"मला? आता?" तिनं एक किडका दाणा लांब फेकला. "तुला माझा गुडघा माहीत नाही का?"

"मग कशासाठी?"

तिनं मला एका वस्तीवरच्या मतदानाची गोष्ट सांगितली. नोकरीच्या सगळ्या वर्षांत तिला निवडणुकीची ड्युटी लागायची, आणि ती नेहमी दुसऱ्या कुठल्या तरी गावात. शाळेच्या खोलीत बाकं जोडून झोपायचं, पहाटे थंड पाण्यानं आंघोळ करायची आणि दिवसभर लोकांच्या बोटांना शाई लावायची. तिचं स्वतःचं लोकसभेचं, विधानसभेचं मत पाकिटातून टपालानं जायचं. तर त्या वस्तीवर बायका पहिल्यांदाच मताला बाहेर पडल्या होत्या. एक म्हातारी आली. आईनं तिच्या बोटाला शाई लावली. म्हातारी पुठ्ठ्याच्या आडोशाला गेली, बटण दाबलं, बाहेर आली आणि आईसमोर उभी राहिली. म्हणाली, झालं? आई म्हणाली, झालं. म्हातारी म्हणाली, एवढंच? आई म्हणाली, हो, एवढंच. त्यावर म्हातारी म्हणाली, मग एवढ्याशा गोष्टीपासून आम्हाला इतकी वर्षं लांब का ठेवलं होतं?

"मतदान केंद्राध्यक्ष हसले," आई म्हणाली. "मीही हसले. घरी आल्यावर मात्र हसू येईना. निवृत्त झाल्यावर मला एकदा विधानसभेला शाई लागली. पण ते मुंबईसाठी. आपल्या गल्लीत पाणी का येत नाही, हे ज्याला विचारायचं त्याला मी कधी मत दिलेलं नाही. कुणीच दिलेलं नाही. मला निवडून यायचं नाही, विभा. मला इथे मतदान झालेलं बघायचंय. माझं मत मला द्यायचंय."

मी पुण्यात एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासत असे. लोकशाहीवर लिहिलेली कितीतरी पुस्तकं माझ्या हाताखालून गेली होती. त्यातलं एकही वाक्य मला तेव्हा आठवलं नाही. मला एवढंच दिसत होतं, की ती इथे एकटी राहते, आणि रात्री-अपरात्री काही झालं तर त्या मधल्या दारातूनच कुणीतरी येणार आहे.

दुपारी आण्णा आणि काका आले. आण्णांनी चपला नीट भिंतीशी लावल्या, तोंडावर पाणी मारलं, माझी विचारपूस केली. माझे वडील गेले तेव्हा मी कॉलेजात होते. तेव्हा मिरजेहून त्यांना घरी आणण्यापासून माझ्या वसतिगृहाच्या प्रवेशापर्यंत सगळं आण्णांनी बघितलं होतं. त्यांच्यासमोर मी अजूनही पदर सारखा करायची. काकांनी चहाची कपबशी हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली.

आण्णा आधी बोरीच्या वाडीबद्दल बोलले. तिथे मागच्या निवडणुकीत दोन भावांत कसं झालं, एकाचा पाय कायमचा अधू झाला, त्यांची आई दोघांच्या मधे कशी बसून असते. मग आमदारांनी बिनविरोध गावांना कबूल केलेल्या निधीबद्दल बोलले. आईनं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा तिनं त्यांना अजून थोडा चहा घेणार का म्हणून विचारलं.

शेवटी आण्णा म्हणाले, "बाई, एक करू. मंदा मागं सरंल. तिचा अर्ज उद्या काढून घेऊ. तुमचाच ऱ्हाऊ दे. तुम्ही बिनविरोध. पुढं सरपंचपदाचं बी बघू. शिकलेलं माणूस खुर्चीवर बसलं तर आम्हाला काय वाईट वाटणार हाय?"

काकांनी झटकन त्यांच्याकडे बघितलं. हे त्यांना आधी सांगितलेलं नसावं.

मला वाटलं, सुटलो. मी आईकडे बघितलं. ती पदराला हात पुसत होती.

"मला जागा नको, आण्णा," ती म्हणाली. "मतदान हवंय. मंदाचा अर्ज राहू द्या. लोक तिलाच निवडून देतील. मीसुद्धा तिलाच दिलं तर तुम्हाला कळणार नाही."

"आं?" आण्णा म्हणाले. "सोत्ताच्या विरोधात?"

"कुणाला देईन ते माझं मी बघेन. तेवढ्यासाठीच तर तो पुठ्ठ्याचा आडोसा असतो."

आण्णांना राग आला होता असं मला वाटत नाही. त्यांना खरोखर समजत नव्हतं. सगळं मागितल्यावर जे मिळालं असतं ते न मागता हातात ठेवलं होतं, आणि बाई नको म्हणत होत्या.

काका उठले. "वहिनी, आजवर दादाच्या जागी तुमाला मानलं," ते म्हणाले. "उद्या तीन वाजल्यानंतर हे मधलं दार बंद. मग पाणी मागायला बी यायचं न्हाई."

"बरं, भाऊजी," आई म्हणाली.

ते गेल्यावर मी बोलले. ठरवलं होतं ते सगळं बोलले. तू एकटी असतेस. तुझा रक्तदाब. मला दर आठवड्याला येता येत नाही. मतदान होईल आणि दुसऱ्या दिवशी सगळे विसरतील, पण दार बंद झालं ते बंदच राहील. आईनं मला थांबवलं नाही. माझं झाल्यावर ती म्हणाली, "तुझं मत पुण्यात आहे, त्यामुळे तू माझ्या काही कामाची नाहीस." ही थट्टा होती. मी हसले नाही, तेव्हा तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"उद्या तीनपर्यंत मला तालुक्याला जायचं नाहीये," ती म्हणाली. "एवढंच करायचंय. जायचं नाही. इतकी वर्षं ड्युटीला बोलावलं की गेले. उद्या घरात बसायचं. तू बस माझ्याबरोबर."

मी "तुझी मर्जी" म्हणाले आणि भाकरी करायला आत गेले.

दिवेलागणीला तिचा गुडघा जास्तच दुखायला लागला. डेअरीवरून किटली आणायला तिनं मला पाठवलं. परत आले तेव्हा ती खाटेवर पाय सोडून बसली होती. मी तेल गरम करून गुडघ्याला चोळलं. नव्या कादंबरीचं मुद्रित मी बरोबर आणलं होतं, त्यातलं थोडं तिनं वाचून घेतलं. एका वाक्यावर माझं आणि तिचं जमलं नाही. ती म्हणाली, हे वाक्य लेखकाला फार आवडलंय, म्हणून काढायला पाहिजे. जेवण झाल्यावर तिनं कडी लावून घेतली. कुणी आलं नाही, आणि ती कुठे गेली नाही.

सकाळी तिनं चहाचं आधण ठेवलं आणि अंगणातल्या खुर्चीत उन्हाला बसली. चहा उतू गेल्याचा वास आला म्हणून मी उठून बाहेर आले. ती तशीच बसली होती. हात मांडीवर. मी आधी गॅस बंद केला. हे मला नेहमी आठवतं, की मी आधी गॅस बंद केला.

मधलं दार सगळ्यात आधी उघडलं. काका अनवाणी धावत आले आणि लहान मुलासारखे रडले. वहिनींनी आईला आंघोळ घातली, केस विंचरले, हिरव्या काठाचं पातळ नेसवलं. डॉक्टर म्हणाले, हृदय. सगळं गाव आलं. तिनं शिकवलेली माणसं आली, त्यांची मुलं आली. चुलतभावानं, सतीशनं, पाणी दिलं. आम्ही नदीवरून परत आलो तेव्हा तीन वाजून गेले होते.

तालुक्याच्या कचेरीनं आपले सोपस्कार केले. आईचं नाव गेलं आणि त्या जागेवर वहिनी एकट्या उरल्या.

आमच्याकडे दहाव्याला नदीवर भाषणं होतात. माणूस मोठं असेल तर पुढारी येतात, लाउडस्पीकर लावतात. आईसाठी तिच्या विद्यार्थ्यांनी लावला होता. पिंड ठेवून झाले आणि आम्ही सगळे मागे सरून कावळ्याची वाट बघत बसलो. पलीकडच्या बाभळीवर कावळे होते, पण खाली येत नव्हते. गेलेल्या माणसाच्या मनात काही राहिलं असलं की कावळा शिवत नाही, असं मानतात. भटजींनी काकांना खुणावलं. काका हात जोडून पुढे झाले आणि म्हणाले, वहिनी, विभाला आम्ही अंतर देणार न्हाई. कावळे हलले नाहीत. सतीश म्हणाला, काकू, तुमचं घर आम्ही पडू देणार न्हाई. तरी नाही. तोवर लाउडस्पीकरवर एकामागून एक श्रद्धांजल्या चालूच होत्या. बाई कशा शिस्तीच्या, बाईंनी कशा पट्ट्या दिल्या, त्यामुळे आम्ही कसे घडलो. लोक मधूनच हसत होते, मधूनच डोळे पुसत होते.

मग आण्णा बोलायला उभे राहिले. त्यांचा आवाज चांगला होता, खर्जातला. ते म्हणाले, "बाईंनी अर्ज भरला म्हणून लोकं काय काय बोलली. आज बाई समोर हायत, म्हणून सांगतो. आदल्या सांजंला बाई माझ्या दारात आल्या होत्या. म्हणाल्या, आण्णा, माझं चुकलं. गाव मोडू नका. उद्या मी अर्ज मागं घेते." आण्णा थांबले. त्यांचे डोळे भरले होते, ते मी बघितलं. मग ते नदीकडे वळून म्हणाले, "बाई, निर्धास्त जा. गाव बिनविरोधच ऱ्हाईल."

त्यांनी माइक खाली ठेवला. लाउडस्पीकरवाल्यानं मशीन बंद केलं. नदीकाठ एकदम शांत झाला. आणि बाभळीवरून एक कावळा खाली आला, पिंडाभोवती थोडा फिरला आणि त्यानं चोच मारली.

लोकांनी हात जोडले. बायकांच्या घोळक्यातून सुस्कारा उठला. माझ्या शेजारची म्हातारी माझी पाठ थोपटत म्हणाली, शांत झाली बघ तुझी आई, हेच अडकलं होतं तिच्या जिवात.

मी काही बोलले नाही. माझ्या हातात दर्भाची अंगठी नव्हती, माइक नव्हता, आणि तिथे बाई माणूस बोलत नसे. पण ही कारणं मी नंतर शोधली. तेव्हा मला एवढंच वाटलं होतं, की सगळं गाव माझ्या आईला हात जोडून उभं आहे, आणि मी तोंड उघडलं तर ते हात खाली येतील.

नंतरच्या वर्षांत ती गोष्ट मोठी होत गेली. शाळेतल्या मुलांना सांगितली जाऊ लागली. आईनं आण्णांच्या पायरीवर डोकं ठेवलं होतं, असं कुणी सांगायचं. कावळा एक नव्हे, अख्खा थवा उतरला, असं कुणी सांगायचं. सांगणारे सगळे तिच्यावर माया करणारेच होते.

चौथ्या वर्षी प्रकाशनसंस्था बंद पडली. मुद्रितं घरून तपासता येतात, भाषांतरं घरून करता येतात, म्हणून मी कुसरवाडीला राहायला आले. आईच्या घरात एकटं राहणं मला वाटलं होतं त्याहून सोपं गेलं, कारण मधलं दार उघडं होतं. सकाळी काका दुधाचा तांब्या आत सरकवायचे. वहिनी कालवणाची वाटी आणून ठेवायच्या. तापात मी दोन दिवस अंथरुणाला होते, तेव्हा वहिनी रात्रभर जवळ बसल्या. संध्याकाळी मात्र दिवा लावल्यावर घरात एक विशिष्ट शांतता यायची. पुस्तकात बोट घालून मी बसायची, आणि ज्या वाक्यावर वाद घालावा असं वाक्य सापडलं की मान वर करायची. समोर खाट असायची. पुढच्या वर्षी मतदारयादीचं काम निघालं, तेव्हा मी माझं नाव पुण्यातून काढून इथे लावून घेतलं.

वहिनी त्या वेळी सरपंच होत्या. म्हणजे खुर्चीवर त्यांचा नवरा सतीश बसायचा आणि सह्यांची कागदपत्रं घरी यायची. एका दुपारी त्या माझ्याकडे कुरडयांचा चीक ढवळायला आल्या. हात चालू असताना मधेच म्हणाल्या, "विभाताई, एक विचारू? थोरल्या आत्याबाई खरंच गेल्या हुत्या का आण्णांच्या दारात?"

मी विचारलं, असं का वाटतं.

त्यांनी पळी भांड्याच्या कडेला टेकवली. "त्या दिवशी तुम्ही यायच्या आधी, सकाळी त्या मला या दारातच म्हणाल्या हुत्या. मी रडत हुते. म्हणलं, आत्याबाई, माझ्याच विरोधात उभ्या ऱ्हायला, मी काय केलं तुमचं? तर म्हणाल्या, मंदा, तू पडणार न्हाईस. पण आता तू निवडून येशील. आत्ता तुला नुसतं नेमलंय." वहिनी पुन्हा ढवळू लागल्या. "पाच वर्सं झाली आता. कुणी सरपंच म्हणून हाक मारली की मला ते आठवतं. मी कुणाला पाहिजे हुते का, हे मला कधी कळलंच न्हाई."

"तुम्ही हे कुणाला सांगितलं?"

"कुणाला सांगू? मला या घरात ऱ्हायचंय."

मीही त्याच भिंतीच्या अलीकडे राहत होते. मी त्यांना खरं काय ते सांगितलं नाही. चीक घट्ट होत आला म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्याही हो म्हणाल्या.

निवडणूक पुन्हा लागली. बैठक सकाळच्या आरतीनंतर होती. आता बायकाही जायच्या, देवळाच्या मंडपात मागे, खांबांच्या ओळीपलीकडे बसायच्या. वहिनी भिंतीशी टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्याशेजारी बसले. आण्णा थकले होते. दोघांनी धरून त्यांना आणलं, खुर्ची दिली, माइक हातात दिला. आवाज मात्र तोच होता.

त्यांनी सुरुवात आईपासून केली. तोवर ती चालच पडली असावी. शालनबाई कशा शिकलेल्या, कशा मानी, आणि तरी गावासाठी त्यांनी कसं आदल्या सांजेला दारात येऊन हात जोडले. माना हलत होत्या. पुढे बसलेल्या पोरांना पुढचं वाक्य पाठ होतं. कावळ्याशी आल्यावर आण्णांनी दोन्ही हात वर केले आणि मंडपातल्या लोकांनीही भैरवनाथाला हात जोडले. मी आजूबाजूला बघितलं. दुधाचा तांब्या देणारे काका. वसतिगृहाचा अर्ज भरून देणारे आण्णा. तापात उशाशी बसलेल्या वहिनी. ज्या ज्या माणसांमुळे माझं घर रिकामं असूनही राहण्यासारखं होतं, ती सगळी तिथे होती.

नावं वाचून झाली. आमच्या वॉर्डातून या वेळी दुसऱ्या कुणाची तरी सून होती. ती बिचारी पदर डोक्यावर ओढून खाली बघत होती.

"कुणाची हरकत?" आण्णा म्हणाले.

बाहेर कुणीतरी नारळ सोलत होतं, त्याचा आवाज येत होता.

"कुणाची हरकत?"

मी उठले. गुडघ्याचा आवाज झाला तो मलाच ऐकू आला असेल. आधी शेजारच्या बायकांनी बघितलं, मग पुढच्यांनी माना वळवल्या. काकांनी बसल्या जागेवरून मला खाली बस म्हणून हात केला. वहिनींनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी फक्त माझ्या पायावर पडलेला आपला पदर सोडवून घेतला, म्हणजे मला नीट उभं राहता येईल.

आण्णांना माझा चेहरा ओळखायला वेळ लागला. ओळख पटल्यावर ते हसले. "बोल की पोरी," ते प्रेमानं म्हणाले. "आईचं नाव निघालं म्हणून भरून आलं व्हय?"

"नाही, आण्णा," मी म्हणाले. माझा आवाज मंडपात फार बारीक वाटला, म्हणून मी पुन्हा, मोठ्यानं बोलले. "त्या संध्याकाळी आई तुमच्या दारात आली नव्हती. ती घरी होती, माझ्याजवळ. आणि ती अर्ज मागे घेणार नव्हती."